पहिल्या दिवसाचा शिक्का

२ डिसेंबर १९६४ रोजी भारतीय टपाल खात्याने संत थॉमस यांच्या स्मरणार्थ पंधरा पैशांचे एक तिकीट काढले. त्याच दिवशी पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. कोणत्याही पोपची ती पहिलीच भारतभेट होती. तिकिटावर संत थॉमस यांची जी प्रतिमा आहे, ती भारतातील नाही. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील ओर्तोना या गावच्या प्रधान देवळातील शिल्पावरून ती घेतलेली आहे. ख्रिस्ती परंपरेप्रमाणे या संताला मद्रासजवळ मैलापूर येथे हौतात्म्य आले, आणि त्याच्या अस्थी अनेक मुक्काम करीत १२५८ मध्ये ओर्तोनाला पोचल्या. मद्रासच्या वाळूत ज्याची कथा संपली असे मानले जाते, त्याचा चेहरा इटलीतून आला, नाशिकच्या छापखान्यात कागदावर उमटला आणि मुंबईतील एका सोहळ्याच्या निमित्ताने देशभर गेला. दोन बोटांत मावणाऱ्या कागदाच्या तुकड्याने एवढा भूगोल आणि एवढा काळ अंगावर वागवावा, ही गोष्ट टपालतिकिटांच्या इतिहासात विरळा नाही. तथापि हा प्रवास पुरतेपणी वाचता येण्यासाठी नुसते तिकीट पुरत नाही. त्याच्यासोबत तारीख आणि स्थळ असावे लागते. ती साक्ष ज्या लिफाफ्यावर मिळते त्याला संग्राहकांच्या भाषेत ‘फर्स्ट डे कव्हर’ म्हणतात.

तिकीट ज्या दिवशी विक्रीस येते त्याच दिवशी ते लिफाफ्यावर चिकटवून त्यावर टपालाचा शिक्का मारून घ्यावयाचा, एवढीच या वस्तूची मूळ कल्पना. पुढे लिफाफ्याच्या डाव्या अंगाला विषयाला साजेसे चित्र छापण्याची पद्धत पडली, खास शिक्के तयार होऊ लागले आणि तिकिटाची माहिती देणारे पत्रकही सोबत मिळू लागले. इटलीत शिक्क्यावर ‘प्रकाशनाचा दिवस’ अशा अर्थाचे इटालियन शब्द असतात, आणि ‘व्हेनेशिया’, ‘फिलाग्रानो’ अशा नावांनी निघणारी खाजगी आवरणे तेथील संग्राहकांच्या घरोघर आढळतात. कोरे तिकीट हे छापखान्याचे काम सांगते. वापरलेले तिकीट कोणीतरी पत्र पाठविल्याचे सांगते. पहिल्या दिवसाचे आवरण या दोहोंच्या मधले आहे. बहुधा ते कोणाला बातमी कळविण्यासाठी लिहिलेले नसते. अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक चित्र राज्यसंस्थेने आपले म्हणून लोकांच्या हाती दिले, एवढी नोंद ते करते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण राष्ट्राने आपली ओळख कोणत्या दिवशी कोणत्या चित्राने करून दिली, हे तिच्यावरून निश्चितपणे सांगता येते.

इटली आणि भारत यांच्या टपालाच्या इतिहासात एक लक्षणीय साम्य आहे. दोन्ही देशांत तिकिटे आली तेव्हा आजच्या अर्थाने एकसंध राष्ट्र उभे नव्हते. लोम्बार्दी-व्हेनेशियात ऑस्ट्रियाच्या अमलाखाली १८५० मध्ये, सार्डिनियाच्या राज्यात १८५१ मध्ये आणि पोपच्या राज्यात १८५२ मध्ये तिकिटे निघाली. इकडे मुंबई इलाख्याच्या छत्राखालील सिंध प्रांतात बार्टल फ्रियर याने १ जुलै १८५२ रोजी ‘सिंध डाक’ तिकिटे सुरू केली. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तो हाच फ्रियर. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटे १८५४ मध्ये कलकत्त्यास छापली गेली, आणि लवकरच ते काम लंडनच्या दे ला रू कंपनीकडे गेले. एकीकरणानंतर इटलीनेही १८६३ मध्ये आपली तिकिटे याच कंपनीकडून छापून घेतली. मात्र इटलीने काही वर्षांतच तोरिनो येथे स्वतःचा छापखाना उभारून ते काम घरी आणले. स्वतंत्र राष्ट्राला जे दोन-तीन वर्षांत साधले, त्यासाठी पारतंत्र्यातील हिंदुस्थानला सत्तर वर्षे थांबावे लागले. १९२५ मध्ये गोदाकाठी नाशिकला सरकारी छापखाना उभा राहिला आणि नंतर हिंदुस्थानची तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. नाशिकचे नाव तोवर पंचवटी, कुंभमेळा आणि द्राक्षे यांच्याशी जोडलेले होते. आता देशातील प्रत्येक पत्रावर, नाव न सांगता, नाशिक जाऊ लागले.

प्रथम राजाचे मुखवटेच छापले जात होते. १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा चित्रतिकिटे निघाली, आणि १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या मालेत गेट वे ऑफ इंडिया, रामेश्वरचे मंदिर, ताजमहाल, सुवर्णमंदिर अशी स्थळे राजाच्या चेहऱ्याशेजारी येऊन बसली. राजा न दाखविता वास्तू आणि शिल्पे यांनीच देशाची ओळख करून देणारी माला यावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी सोळा तिकिटांची पुरातत्त्व-माला निघाली. तीन पैंच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर अजिंठा होता, नऊ पैंच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती होती, दोन आण्यांवर नटराज, सहा आण्यांवर विजापूरचा गोलघुमट आणि पंधरा रुपयांच्या सर्वांत महाग तिकिटावर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर होते. या क्रमामागे कोणाचा काय हेतू होता हे बाजूला ठेवले, तरी परिणाम मोठा झाला. ज्याने कधी मराठवाड्यात पाऊल टाकले नाही अशा माणसाच्या घरी, साध्या छापील मजकुराच्या पाकिटावरून, अजिंठा पोचला. गोलघुमटाची कथा तर आणखीच गमतीची आहे. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसची १९१३ मध्ये पुरी झालेली इमारत जॉन बेग याने रचली तेव्हा तिच्या घुमटासाठी विजापूरचाच आदर्श त्याच्यासमोर होता. म्हणजे सहा आण्यांचे ते तिकीट मुंबईत विकले जात होते ते त्याच घुमटाच्या वंशजाखाली.

याच मालेत एक चूकही झाली. एक आण्याच्या तिकिटावरील बोधिसत्त्वाचे चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे, छापले गेले. १९५० मध्ये ते सुधारून पुन्हा छापण्यात आले. भारतीय मूर्तिकलेत डावे-उजवे हे केवळ मांडणीचे अंग नसते; कोणत्या हाताची कोणती मुद्रा याला अर्थ असतो, आणि म्हणून ही दुरुस्ती आवश्यक होती. इटलीतही अशीच एक चूक झाली, पण तिची फलश्रुती निराळी. ३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी यांच्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यानिमित्त तीन तिकिटे निघाली. त्यांतील २०५ लिरांच्या गुलाबी तिकिटावर पेरू देशाची सीमा चुकीची दाखविली गेली होती. तक्रार होताच ते त्याच दिवशी मागे घेण्यात आले; तोवर सुमारे ७० हजार तिकिटे विकली गेली होती. राष्ट्राध्यक्षांच्या विमानाने जावयाच्या पाकिटांवर ती आधीच लागलेली असल्याने त्यांच्यावर दुरुस्त केलेले करड्या रंगाचे तिकीट चिकटविण्यात आले. ‘ग्रोंकी रोझा’ हे इटालियन संग्राहकांच्या तोंडी कायमचे बसलेले नाव या दिवसापासूनचे. भारताने आपली चूक मुकाट्याने दुरुस्त केली आणि ती केवळ जाणकारांना ठाऊक राहिली. इटलीने ती झाकली आणि झाकल्यामुळेच ती प्रसिद्ध झाली.

युद्धोत्तर इटलीने तिकिटांतून जे घडविले ते कोणाही संग्राहकाला भुरळ घालणारे आहे. १९५० च्या ‘श्रमरत इटली’ या मालेतील एकोणीस तिकिटांवर निरनिराळ्या प्रांतांतील कष्टकरी आपापल्या कामात गढलेले दिसतात. १९५३ मध्ये सिराक्यूजच्या प्राचीन नाण्यावरून सुचलेली, मस्तकावर तटबंदीचा मुकुट धारण केलेली इटलीची देवता आली. १९६१ मध्ये मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगविलेल्या आकृती एकोणीस मूल्यांच्या मालेत दैनंदिन पत्रव्यवहारावर उतरल्या. ज्या प्रार्थनागृहात त्या आहेत ते इटलीच्या नव्हे तर व्हॅटिकनच्या हद्दीत येते, आणि व्हॅटिकन १९२९ पासून आपली तिकिटे स्वतंत्रपणे काढत आले आहे. पण कलावंताचा वारसा सीमारेषेवर अडविणे इटलीला मान्य नव्हते. १९७४ मध्ये पर्यटन-माला सुरू झाली, ती रोम आणि फ्लॉरेन्सने नव्हे, तर पोर्तोफिनो हे कोळ्यांचे लहानसे बंदर आणि ग्रादारा हा डोंगरमाथ्यावरचा गड यांनी. त्यानंतर वर्षागणिक लहानमोठी गावे या मालेत येत राहिली, आणि १९८० मध्ये किल्ल्यांची नित्यवापराची माला निघाली. महाराष्ट्रातील वाचकाला या किल्ल्यांकडे पाहताना आपल्या गडांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कला आणि पर्यटन हे दोन विषय एकाच संग्रहात नांदतात, यामागे एक अवघड प्रश्न लपलेला आहे. तिकिटावरचे चित्र हे मूळ चित्राचे स्मरण असते की त्याची जागा घेणारे असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अजिंठ्याकडे वळावे लागते, आणि तेथे मद्रास व इटली ही दोन्ही नावे पुन्हा भेटतात. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीसाठी गेलेल्या ज्या जॉन स्मिथला ही लेणी आढळली, तो मद्रासच्या घोडदळातील अधिकारी होता. १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेला रॉबर्ट गिल हाही मद्रासच्या सैन्यातलाच. त्याने जवळजवळ दोन दशके तेथे घालविली. त्याने केलेली बहुतेक मोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत भस्म झाली. गिलचा अंत १८७९ मध्ये झाला, आणि त्याचे थडगे भुसावळ येथे आहे. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पाठविल्या होत्या. १८८५ मध्ये तेथेही आगीने त्यांचा घास घेतला. अजिंठ्याची भिंत हजार वर्षांहून अधिक टिकली. तिच्या कापडावरील पुष्कळशा प्रती विसाव्या शतकापर्यंतही पोचल्या नाहीत.

मूळ चित्रे जपण्यासाठी निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ बोलाविले: लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ऑर्सिनी. दोन हिवाळे त्यांनी तेथे काम केले, सुटू लागलेला गिलावा पक्का केला आणि अनेक चित्रे कोसळण्यापासून वाचविली. मात्र रंग खुलावेत म्हणून लावलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा आणि काळपट पडला. तो काळजीपूर्वक उतरविण्याचे काम स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्व खात्याला पुढे अनेक वर्षे करावे लागले. ज्यांनी भिंत वाचविली त्यांनीच तिच्यावर पडदाही ओढला, आणि ते दोन्ही शुद्ध हेतूने झाले. तिकडे रोममध्येही याहून निराळे घडले नव्हते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेल्या छतावर मेणबत्त्यांची काजळी आणि जुन्या दुरुस्त्यांतील सरसाचे थर साचले होते. १९८० मध्ये सुरू झालेल्या सफाईत ते निघाले, आणि खाली असे उजळ रंग दिसले की कित्येक जाणकारांना ते खरे वाटेनात.

या पार्श्वभूमीवर २८ जून १९७५ हा दिवस पाहावा. मायकेलअँजेलोच्या जन्माला पाचशे वर्षे झाल्याबद्दल भारताने त्या दिवशी चार तिकिटे काढली, प्रत्येकी पन्नास पैशांची, सिस्टाइनच्या छतावरील सृष्टिनिर्मितीची दृश्ये दाखविणारी. आणीबाणी जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले होते, देशातील नामवंत नेते तुरुंगात होते, आणि टपाल कचेऱ्यांच्या खिडक्यांवर सूर्य, चंद्र आणि मानव यांच्या उत्पत्तीची चित्रे विकली जात होती. तिकिटांचा कार्यक्रम कितीतरी आधी ठरलेला असतो, तेव्हा यात कोणताही संकेत शोधणे व्यर्थ आहे. पण त्या दिवसाचा शिक्का असलेले आवरण हातात घेतले की चित्र आणि तारीख परस्परांविषयी बोलू लागतात. कोऱ्या तिकिटाला ही वाचा नाही. आणखी एक गोष्ट: ही चार तिकिटे आणि इटलीची १९६१ ची माला सफाईपूर्वीच्या छतावरून झालेली आहेत. जे रूप आता छतावर उरलेले नाही, त्याची छोटी प्रत त्यांच्यात आहे. प्रश्नाचे उत्तर कदाचित येथे मिळते. प्रत ही मुळाची जागा घेत नाही. मूळ चित्र एका विशिष्ट दिवशी लोकांना कसे दिसत होते, एवढे ती सांगते. म्हणून तिच्यावर तारीख असणे महत्त्वाचे.

स्थळाचेही तसेच आहे. चेन्नईहून उत्तरेकडे निघालेला, पुढे गुडूरमार्गे कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग तमिळनाडूची सीमा ओलांडण्यापूर्वी गुम्मिडिपूंडी या गावाला स्पर्श करतो. शहराच्या उपनगरी गाड्या येथवर येतात. सरकारी औद्योगिक वसाहतीमुळे गावाचे नाव कारखानदारांना परिचित आहे, आणि श्रीलंकेतून विस्थापित होऊन आलेल्या तमिळांची मोठी छावणीही तेथे वसली. पर्यटकाच्या नकाशावर गुम्मिडिपूंडी सहसा नसते. वस्तुतः त्याच्या परिसरात पाहण्यासारखे थोडे नाही. जवळच पळवेरकाडूचे, म्हणजे पुलिकतचे, विस्तीर्ण खाजण आहे. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आणि कोरीव थडग्यांचे त्यांचे कबरस्तान तेथे आहे. त्याच तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील तिरुवालंगाडू येथे सापडलेला चोलकालीन नटराज चेन्नईच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे भूषण होऊन राहिला आहे. याच कोरोमांडल किनाऱ्याविषयी आणि संत थॉमसच्या समाधीविषयी व्हेनिसच्या मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. त्याच्या सातशेव्या जन्मवर्षाची तिकिटे इटलीने १९५४ मध्ये काढली. या किनाऱ्यावरच्या एखाद्या संग्राहकाने इटलीची आवरणे जमवावयाची ठरविली, तर तो परकी वस्तूंच्या मागे लागला असे म्हणता येणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या पत्राला तो उत्तर देत आहे.

इटलीने ग्रादारासारख्या गावाला तिकिटावर आणले. भारतातील गुम्मिडिपूंडीसारखी हजारो गावे तिकिटावर कधी आली नाहीत. त्यांना टपालाच्या इतिहासात जागा मिळाली ती केवळ शिक्क्याच्या वर्तुळात. तिकीट ही राजधानीची वाणी असते. शिक्का ही गावाची सही. मुंबईचा शिक्का असलेले संत थॉमसचे आवरण पोपच्या भेटीविषयी सांगेल. त्याच दिवसाचा मद्रासचा शिक्का असेल तर ते मैलापूरची कथा सांगेल. आणि कोणी हौशी माणसाने तेच तिकीट एखाद्या खेड्यातील टपाल कचेरीत नेऊन त्या दिवशी रद्द करून घेतले असेल, तर कचेरीच्या पलीकडे कोणी न ऐकलेले नाव त्या जगप्रवासाशी जोडले जाईल. शिक्क्यांतील नावेही आता बदलली आहेत. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृतपणे मुंबई झाले, १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई. लिरा २००२ च्या आरंभी व्यवहारातून गेला. त्याआधीच्या तीन वर्षांतील इटालियन तिकिटांवर लिरा आणि युरो ही दोन्ही मूल्ये शेजारी-शेजारी छापलेली आहेत. ज्या अक्षरांना आता कायदेशीर अस्तित्व नाही ती आवरणांवर जशीच्या तशी आहेत.

समुद्रकाठच्या गावी हा संग्रह सांभाळणे सोपे नसते. कोरोमांडलच्या दमट हवेत डिंक ओलावतो, पानापानांवर तांबूस ठिपके उमटतात, स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्या कागदाला चिकटतात आणि ईशान्य मान्सूनच्या महिन्यांत कपाटातील एखादी बाजू नकळत बुरसटते. जाणकार आवरणे उभी ठेवतात, आम्लरहित कागदात गुंडाळतात, कोरड्या दिवशी उघडून वारा देतात आणि शिक्क्याला बोट लागू देत नाहीत. चेक्कोनींचा लेप आठवला की यातील एक नियम विशेष पटतो: सुंदर दिसावे म्हणून वस्तूवर काहीही लावू नये. डाग पडला तर तोही तिच्या प्रवासाचा भाग मानून राहू द्यावा.

पत्रे लिहिण्याची रीत उतरणीला लागली आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टपालाचा मोठा भाग आता पार्सले आणि छापील नोटिसा यांचा असतो, आणि त्यांच्यावर तिकिटाऐवजी यंत्राचा ठसा दिसतो. तिकिटे मात्र अजूनही निघतात, पहिल्या दिवसाचे शिक्केही बसतात. किंबहुना टपालाच्या उपयोगातून मुक्त होत चाललेले तिकीट अधिकाधिक स्मारक बनत आहे, आणि यात एक धोका आहे. ज्या चित्राला कोठे जावयाचेच नाही, ते केवळ विकण्यासाठी छापले जाण्याचा मोह राज्यसंस्थांना होतो. अनेक लहान देशांनी तो आवरला नाही. संग्राहकाच्या विवेकाची कसोटी येथे लागते. ओर्तोनाचा संत, अजिंठ्याचा पट्ट, उलटा बोधिसत्त्व, काजळलेले सिस्टाइन: यांतील प्रत्येकामागे कोणीतरी भिंतीजवळ उभे राहून घेतलेले कष्ट आहेत, आणि कोठेतरी आग, ओल वा अतिउत्साह यांनी केलेले नुकसानही आहे. आवरणावरचे वर्तुळ त्या साऱ्याला एक दिवस आणि एक गाव देते. उद्या अजिंठ्याच्या रंगांचे जे होईल ते होवो. १५ ऑगस्ट १९४९ रोजी एका स्वतंत्र देशाने त्याला आपल्या सर्वांत स्वस्त तिकिटावर बसविले होते, हे सांगणारा कागद कोणाच्या तरी कपाटात कोरडा राहिला पाहिजे.